सूत्री विभाजन : लांगली, सदाफुली व तालीसपत्र यांच्या निमित्ताने

पेशीविभाजनाचे प्रकरण प्रथम वर्षाच्या अभ्यासात सर्वांनीच वाचलेले असते. परीक्षेपुरती चार अवस्थांची नावे पाठ होतात आणि चिकित्सेस प्रारंभ झाला की विषय मागे पडतो. वास्तविक लांगली, सुरंजान, सदाफुली ही द्रव्ये ज्यांच्या हाताखालून जातात त्या वैद्यांना व औषधी विक्रेत्यांना या प्रकरणाची गरज रोजची आहे. या द्रव्यांचा पेशींवरील मुख्य घात विभाजनाच्या एका विशिष्ट टप्प्यावर होतो. तो टप्पा ध्यानात आला म्हणजे विषबाधेच्या लक्षणांचा क्रमही उलगडतो. येथे तेवढेच क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सूत्री विभाजन कसे असते, हे खान्देशात शेताच्या बांधावरूनही सांगता येते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीला बी धरत नाही. या लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण 33 गुणसूत्रे असतात. तीन संचांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, त्यामुळे बीजासाठी आवश्यक असे अर्धगुणसूत्री विभाजन सुरळीत होत नाही. केळीचा वंश चालतो तो कंदाला फुटणाऱ्या मुनव्यांवर. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपेही कोंबाच्या अग्रातील पेशी वाढवूनच तयार करतात. एका पेशीच्या दोन व्हाव्यात आणि दोहोंत पुन्हा तितकीच 33 गुणसूत्रे यावीत, हेच सूत्री विभाजन होय. मानवी शरीरात हाच नियम 46 गुणसूत्रांना लागू आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी 1882 साली या क्रियेस ग्रीक भाषेतील धागा या अर्थाच्या शब्दावरून ‘मायटोसिस’ हे नाव दिले. मराठीतील ‘सूत्री’ हा शब्दही तोच अर्थ सांगतो.

विभाजनापूर्वी पेशी दीर्घ तयारी करते. या काळात प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होते व दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या राहतात. 24 तासांत एकदा विभागणाऱ्या मानवी पेशीचे सुमारे 23 तास या तयारीत जातात. प्रत्यक्ष विभाजनास साधारण एक तास पुरतो. त्या तासाचे चार भाग असे :

पूर्वावस्था : सैलसर पसरलेली गुणसूत्रे आखूड व जाड होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. ताराकेंद्रे परस्परविरुद्ध ध्रुवांकडे सरकतात व त्यांच्यामधून तर्कुतंतू निघू लागतात. पुढे केंद्रकावरण विरून जाते.

मध्यावस्था : प्रत्येक गुणसूत्र दोन्ही ध्रुवांकडून आलेल्या तंतूंना जोडले जाते आणि सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यप्रतलावर एका रांगेत येतात. एखादे गुणसूत्र जरी जोडले जायचे राहिले, तरी निरोगी पेशी पुढे न जाता थांबून राहते.

पश्चावस्था : जोडलेल्या प्रती सुटतात व तंतू आखूड होत त्यांना दोन ध्रुवांकडे ओढून नेतात.

अंत्यावस्था : दोन्ही ध्रुवांशी नवे केंद्रकावरण तयार होते, तंतू नाहीसे होतात. यानंतर परिकलाचे विभाजन होऊन दोन स्वतंत्र पेशी बनतात.

या साऱ्या व्यवहाराचा भार तर्कुतंतूंवर आहे. हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जुळून बनतात आणि कण सुटले की आखूड होतात. लांगली म्हणजे आपली कळलावी आणि सुरंजान या दोहोंतील कोल्चिसीन नेमके याच प्रथिनाला चिकटते. तंतू जुळत नाहीत आणि पेशी मध्यावस्थेतच अडकून पडते. ज्यो हिन त्जिओ व अल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीनने अशाच पेशी अडवून गुणसूत्रे मोजली आणि मानवी गुणसूत्रे 48 नसून 46 आहेत, हे 1956 साली प्रसिद्ध केले. सदाफुलीतील व्हिंक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन याच प्रथिनाला दुसऱ्या जागी चिकटतात, परिणाम तोच. थुनेर वर्गातील वृक्षांपासून मिळणारे पॅक्लिटॅक्सेल उलट मार्गाने जाते. ते तंतू सुटू देत नाही, म्हणूनही विभाजन थांबते.

आता चिकित्सेकडे येऊ. जी पेशी अधिक वेळा विभागते तिच्यावर हा आघात अधिक. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते, अस्थिमज्जेत रक्तपेशींची निर्मिती अखंड चालू असते, केसांची मुळे सतत वाढतात. कळलावीचा कंद पोटात गेल्यास काही तासांत तीव्र वांती व अतिसार होतात. दुसऱ्या दिवसापासून पुढील आठवड्यात श्वेतपेशी व बिंबिका घटतात व अनेक अवयव निकामी होऊ शकतात. वाचलेल्या रुग्णाचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. आरंभीच्या वांती-अतिसारानंतर रुग्णास बरे वाटू लागले तरी तो निर्धोक झाला असे समजू नये. असा रुग्ण दवाखान्यात ठेवून न घेता तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावा आणि वनस्पतीचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे.

वातरक्ताच्या अनेक रुग्णांना आधुनिक चिकित्सक कोल्चिसीनच्या गोळ्या देतात. त्यांना लांगली किंवा सुरंजानयुक्त कल्प दिल्यास मात्रा नकळत वाढते. वृक्कदौर्बल्य असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असल्यास धोका आणखी वाढतो. जुनी चिठ्ठी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये.

मधुमेही रुग्ण स्वतःच्या मनाने सदाफुलीची पाने-फुले चघळतात. याच लोकसमजुतीची परीक्षा कॅनडात 1950च्या दशकात झाली. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना रक्तशर्करेवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. प्रयोगातील उंदरांच्या श्वेतपेशी मात्र घटलेल्या दिसल्या. त्यातूनच कर्करोगावरील औषध हाती आले. त्या औषधाची मात्रा रुग्णालयात रक्त तपासून ठरते. अंगणातील पानांना असे मोजमाप नाही. हे रुग्णास समजावून सांगणे आपले कर्तव्य आहे.

औषधी विक्रेत्यांसाठी दोन गोष्टी. लांगली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये समाविष्ट आहे. तिचा पोटात घेण्याचा कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याच्या इशाऱ्यासह विकणे बंधनकारक आहे. दुसरे असे की तालीसपत्र म्हणून बाजारात थुनेरची पानेही येतात. खरे तालीसपत्र एबीज वर्गातील वृक्षाचे. थुनेरच्या पानांत टॅक्सीन हे हृदयास घातक विषही असते. तालीसादि चूर्ण बालकांनाही दिले जाते, म्हणून मालाची ओळख पटवूनच खरेदी करावी.

सुश्रुतांनी गर्भवर्णनात विभाजनाचे कर्म वायूकडे सोपविले आहे. एवढ्यावरून सूत्री विभाजन त्यांना ज्ञात होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु लांगलीस उपविषांत गणून गोमूत्रात शोधन सांगणाऱ्या ग्रंथकारांनी परिणाम अचूक ओळखला होता. शोधनाने कोल्चिसीन संपूर्ण नाहीसे होते असे मात्र गृहीत धरता येत नाही. गर्भाची वाढ ही तर विभाजनाचीच परंपरा; कळलावीचे एक संस्कृत नाव गर्भपातिनी आहे, ते याच अर्थाने स्मरणात ठेवावे आणि गर्भिणीस हे द्रव्य कोणत्याही मार्गाने देऊ नये.