सीजीएचएस असताना आयुष्मान कार्ड काढावं का?

प्रश्न : वडील केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त, वय 73. सीजीएचएस कार्ड आहे. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढू का? सासऱ्यांकडे खासगी मेडिक्लेम आहे, त्यांचं काय?

उत्तर : वडिलांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागेल. माझं स्पष्ट मत, सीजीएचएस सोडू नका. आयुष्मानचं वर्षाला 5 लाखांचं संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतं. बीपी-शुगरच्या दर महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांकडच्या नेहमीच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. सीजीएचएसच्या दवाखान्यात त्या मिळतात, आणि या वयात खिसा रिकामा होतो तो त्यातच.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी. खासगी पॉलिसी असली तरी आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आधारवर 70 वर्षं पूर्ण हवीत. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. मेडिक्लेम मात्र चालूच ठेवा, कारण प्रत्येक रुग्णालय आयुष्मान योजनेत नसतं.