प्रकृति-परीक्षण प्रश्नावली : विश्वसनीयता व सप्रमाणता यांची सार्थता-चाचणी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात प्रकृतीची लक्षणे सांगितली आहेत. आज त्यांवर आधारित प्रश्नावल्या चिकित्सालयांत व औषधालयांत वापरल्या जातात. त्यावरून औषधयोजना होत असल्याने मापनाची परीक्षा आवश्यक ठरते.

तोच तराजू प्रत्येक वेळी तेच वजन दाखवीत असेल, तर तो विश्वसनीय होय. ते वजन खरे असेल, तरच तो सप्रमाण होय. नेहमी दोन ग्रॅम कमी दाखविणारा तराजू विश्वसनीय असूनही सप्रमाण नसतो.

वातप्रकृती प्रत्यक्ष दिसत नाही. लक्षणांवरून तिचे अनुमान होते. संरचनात्मक समीकरण प्रारूपात अशा अव्यक्त घटकाशी प्रत्येक लक्षणाचा संबंध घटकभाराने दर्शवितात. समजा, रूक्षता, अल्पनिद्रा, चपल गती व शीत-असहन यांचे प्रमाणित घटकभार अनुक्रमे ०.८, ०.८, ०.७ व ०.६ आले. त्यांच्या वर्गांची सरासरी, म्हणजे सरासरी स्पष्टीकृत विचरण, ०.५३ होते, संयुक्त विश्वसनीयता ०.८२ येते. फॉर्नेल व लार्कर यांच्या १९८१ च्या निबंधापासून रूढ झालेल्या निकषांनुसार पहिली संख्या ०.५० हून व दुसरी ०.७० हून अधिक हवी. म्हणजे प्रश्नावली उत्तीर्ण!

परंतु ही संख्या केवळ त्या रुग्णसमूहाची आहे. ६० रुग्णांच्या प्रपत्रांतून, निवडलेले प्रपत्र पुन्हा परत ठेवीत, यदृच्छया ६० प्रपत्रे निवडावीत. ही क्रिया संगणकावर ५,००० वेळा करून दर वेळी सरासरी काढावी. मधल्या ९५ टक्के उत्तरांची व्याप्ती म्हणजे विश्वास-अंतराल. एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पुनर्नमुना पद्धती होय. समजा, ते अंतराल ०.४२ ते ०.६३ आले. खालची मर्यादा ०.५० च्या आत असल्याने निकष सार्थपणे ओलांडला, असे म्हणता येणार नाही. वात व पित्त यांच्या अव्यक्त घटकांतील सहसंबंधाच्या अंतरालात १ समाविष्ट असेल, तर प्रश्नावली त्या दोहोंना वेगळे ओळखते, असेही सिद्ध होत नाही.

यामुळे प्रकृति-सिद्धान्त बाधित होत नाही. दोष प्रश्नांचा किंवा अपुऱ्या रुग्णसंख्येचा असू शकतो. म्हणून कोणतीही प्रश्नावली स्वीकारण्यापूर्वी वैद्यांनी व औषधालय-चालकांनी रुग्णसंख्या आणि विश्वास-अंतराल अवश्य विचारावे, आणि तोवर दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेस तिचा पर्याय मानू नये, अशी आमची नम्र सूचना आहे.