अंतःकरणाची कोरड आणि ईमान

सन २००७ मध्ये मदर तेरेसा यांच्या खाजगी पत्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि ख्रिस्ती जगतात मोठी खळबळ उडाली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेगाडीत, गरिबांची सेवा करण्याची ईश्वरी हाक आपणास ऐकू आली, असे त्या सांगत. पुढे कोलकात्याच्या वस्त्यांत ते कार्य सुरू झाले आणि जवळजवळ त्याच सुमारास ईश्वराच्या सान्निध्याची अनुभूती त्यांच्या अंतःकरणातून नाहीशी झाली. १९५८ मधील काही आठवडे वगळता १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा अंधार टिकून राहिला. ईश्वर खरोखर आहे काय, हा प्रश्नही पत्रांत डोकावतो. प्रार्थना चालू होती, सेवा चालू होती, मुखावर हास्य होते. परंतु आपण लोकांना फसवीत तर नाही ना, ही भीती मनात होती. ही पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची विनंती होती.

धर्म हे मानवाचेच रचित आहे हे त्यांना उमगले होते, असा निष्कर्ष नास्तिक लेखक ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी काढला. आपल्यापैकी एखादा म्हणेल की, त्यांची श्रद्धाच चुकीच्या पायावर होती, म्हणून असे घडले. त्रैक्यवाद आपणास मान्य नाही, हे खरेच. परंतु हे उत्तर घाईचे आहे. कारण हीच तक्रार मदीनेतही ऐकू आली होती.

काही सहाबींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले की, आमच्या मनात असे विचार येतात जे उच्चारणेही आम्हास भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) विचारले, खरोखर असे वाटते? होकार मिळताच ते म्हणाले की, हेच तर स्पष्ट ईमान आहे. सहीह मुस्लिममधील ही हदीस आहे. शंका म्हणजे ईमान नव्हे. तिच्याविषयी वाटणारी वेदना ही ईमानाची खूण आहे. पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केलेले जेझुइट धर्मगुरू जोसेफ नॉयनर यांनीही मदर तेरेसांना काहीसे असेच सांगितले होते: ईश्वराची ही तळमळच त्याच्या गुप्त अस्तित्वाची साक्ष आहे. त्यानंतर त्यांना तो अंधार स्वीकारता आला.

आता हजरत हन्जला (रजि.) यांचा प्रसंग पाहा. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी खुशाली विचारताच ते उद्गारले, हन्जला मुनाफिक झाला! प्रेषितांजवळ असताना स्वर्ग-नरक डोळ्यांसमोर उभे राहतात आणि घरी पत्नी, मुले, मालमत्ता यांत सारे विसरते, असे त्यांचे दुःख होते.

दांभिकतेची भीती दोन्ही ठिकाणी तीच आहे. फरक आहे तो ती कोठे बोलली गेली यात. मदर तेरेसांनी ती मोजक्या धर्मगुरूंपाशीच व्यक्त केली. सोबतच्या भगिनींना तिचा पत्ताही नव्हता. आपल्या घरातील एखादा तरुण म्हणतो, ‘अब्बा, नमाजमध्ये काहीच जाणवत नाही, अल्लाह ऐकतो का?’ तेव्हा आपण ‘तौबा कर!’ म्हणून त्याचे तोंड बंद करतो. मुलगा गप्प बसतो, प्रश्न मात्र बसत नाही.

अबू बक्र (रजि.) यांनी हन्जलांना दटावले नाही. त्यांचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, अल्लाहची शपथ, आमचीही हीच अवस्था होते. मग दोघेही प्रेषितांकडे गेले. प्रेषित (स.) म्हणाले की, तुमची ती अवस्था कायम राहिली असती तर फरिश्त्यांनी तुमच्या अंथरुणावर आणि रस्त्यांत तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, परंतु हे हन्जला, एक घटका अशी आणि एक घटका तशी. हे त्यांनी तीन वेळा सांगितले.