घरातल्या युरियाचा स्फोट होतो का?

प्रश्न : हंगामात खताच्या दुकानापुढे रांगा लागतात, म्हणून आम्ही पाऊस लागण्याआधीच युरिया आणि डीएपीची पोती आणून ठेवतो. वेगळे गोदाम नाही, त्यामुळे पोती चुलीच्या खोलीला लागूनच असतात. बैरुतच्या बंदरात खताचा स्फोट झाला ते मुलाने मोबाइलवर दाखवले, तेव्हापासून घरच्यांना धास्ती वाटते. आमच्या पोत्यांचा असा स्फोट होऊ शकतो का?
– एक वाचक, बेला मंडल, जि. आदिलाबाद

उत्तर : तुमच्या पोत्यांचा तसा स्फोट होणार नाही. बैरुतला 4 ऑगस्ट 2020 रोजी उडाले ते अमोनियम नायट्रेट. सुमारे 2,750 टनांचा तो साठा कित्येक वर्षे बंदराच्या गोदामात पडून होता. या पदार्थात ऑक्सिजन भरपूर असतो. मोठी आग लागली, साठा बंदिस्त असला, त्यात तेल किंवा कचरा मिसळलेला असला, तर तो एकाएकी उडू शकतो. अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात 1947 साली असाच स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली होती. आपल्या देशात 2012 च्या नियमांनुसार अमोनियम नायट्रेट परवान्याशिवाय ठेवता किंवा विकता येत नाही. बैरुतनंतर लगेच चेन्नईजवळ पडून असलेला सुमारे 700 टनांचा साठा तिथून हलवून हैदराबादकडे पाठवला गेला.

युरियाची गोष्ट वेगळी आहे. त्यात 46 टक्के नत्र असते, पण तो स्वतः पेट घेत नाही. साधारण 133 अंशांना वितळतो आणि आणखी तापला की नाका-डोळ्यांना झोंबणारा अमोनिया वायू सोडतो. डीएपीही स्फोटक नाही. म्हणून घर उडेल ही धास्ती सोडा, मात्र पोती चुलीपासून दूर न्या. पोते प्लॅस्टिकचे असते, ते पेटते, आणि बंद खोलीत तो धूर जिवावर बेततो. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर तर युरियाच्या आसपासही नको. दोन्ही ओली होऊन एकत्र आली तर खरोखरच स्फोटक रसायन तयार होऊ शकते.

युरियाचा खरा बळी घरात कोण असेल तर तो बैल. कपाशीवर दोन टक्के युरियाची फवारणी करतात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम. उरलेली बादली गोठ्याजवळ राहते आणि तहानलेला बैल ती एका दमात रिकामी करतो. युरियाची सवय नसलेल्या 300 किलोच्या बैलाला शंभर-दीडशे ग्रॅमही घातक ठरू शकतो, कारण पोटात त्याचा झपाट्याने अमोनिया होतो. अर्ध्या-एक तासात तोंडाला फेस, पोटफुगी, अंगाला थरथर सुरू होते. तेव्हा वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा. सांडलेला युरिया झाडून घ्या आणि रिकामी पोती जनावरांना चाटता येणार नाहीत अशी ठेवा.

ठेवण्याची रीत सोपी आहे. युरिया पावसाळी हवेतले पाणी शोषतो, म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचावीत. युरिया आणि सुपर फॉस्फेट आधीच मिसळून ठेवले तर चिखल होतो. डीएपीजवळ चुना किंवा राख ठेवली तर अमोनिया उडून नत्र वाया जाते.

आता तुम्ही न विचारलेले, पण मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते सांगतो. त्याच खोलीत फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतील, तर खरा धोका तिथे आहे. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास कास्तकार आणि मजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. हे शेतातले झाले. घरातले विष त्याहून चोरपावलांनी येते. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून 23 मुले गेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. म्हणून औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरू नये, कितीही धुतला तरी. डबा तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोके पाडा. औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवणे म्हणजे पोराच्या हाती विष देणे.

बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवाही विषच. सगळ्या बाटल्या मूळ वेष्टणात, खतापासून आणि बियाण्यापासून वेगळ्या, कुलपाच्या पेटीत ठेवा. पेटीची किल्ली घरातल्या एकाच जाणत्या माणसाकडे असावी.

कुणाच्या पोटात औषध गेले तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणाने धुवा, 108 ला फोन लावा आणि औषधाची बाटली लेबलासह सोबत न्या. आदिलाबादच्या रिम्समध्ये असो की यवतमाळला, कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टरांना त्या लेबलावरूनच लवकर कळते.