स्नायूंचा आजार, पण हाडे सांभाळा

मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्याच्या अनेक प्रकारांपैकी ड्युशेन हा प्रकार मुख्यतः मुलग्यांना होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरदार दिसतात आणि आजीला त्यांचे कौतुक असते! प्रत्यक्षात तेथे स्नायूंच्या जागी चरबी साचत असते. उपचार नसल्यास साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणे थांबते.

अशा घरात सगळ्यांचे लक्ष स्नायूंकडे असते. हाडांचा विचार होतो तो हाड मोडल्यावर.

हाड नुसत्या दुधाने बळकट होत नाही. स्नायू हाडाला सतत ओढत असतो आणि त्या ताणामुळे हाड भरत जाते. स्नायूच दुबळा झाला की हाड पातळ राहते. त्यातच या मुलांना स्टिरॉइड द्यावे लागते. त्याने चालणे काही वर्षे लांबते, म्हणून ते टाळणे शहाणपणाचे नाही. पण दीर्घकाळ घेतल्यास तेच औषध हाडे ठिसूळ करते. शिवाय मूल घरातच बसून राहिल्याने ऊनही मिळत नाही.

पहिला फटका बसतो तो पाठीच्या मणक्यांना. पडझड न होताही मणका चेपतो. स्टिरॉइड घेणाऱ्या मुलाची पाठ दुखू लागली तर ‘बसून बसून अवघडला असेल’ म्हणून बाम चोळत राहू नये, एक्स-रे काढावा. कित्येकदा चेपलेला मणका दुखतही नाही. म्हणून तक्रार नसली तरी दर एक-दोन वर्षांनी पाठीच्या कण्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे हवा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मोठ्या शहरात होते, साधा एक्स-रे मात्र तालुक्याच्या गावीही निघतो. मणका चेपलेला आढळल्यास हाडांची झीज रोखणारी इंजेक्शने असतात. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. या भीतीने स्टिरॉइड एकाएकी बंद मात्र करू नये, त्याने जिवावर बेतू शकते.

आहारात दूध, दही, तीळ आणि नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ड जीवनसत्त्वाची पातळी वर्षातून एकदा रक्त तपासून पाहावी. मेडिकलमधून ६०,००० युनिटच्या पुड्या आणून मनानेच देत राहणे हा अलीकडचा छंद घातक आहे. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात.

चाकाच्या खुर्चीत पट्टा बांधावाच. खुर्ची खड्ड्यात अडकते, मूल पुढे कोसळते आणि मांडीचे हाड मोडते. मोडलेले हाड घेऊन हाडवैद्याकडे जाऊ नये, तसेच आठवडेच्या आठवडे खाटेवरही पडून राहू नये. चालता मुलगा असा पडून राहिला तर पुन्हा कधीच उभा न राहण्याची भीती असते. ‘याला डिस्ट्रॉफी आहे, लवकर उभे करता येईल असा इलाज करा’ असे अस्थितज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रिया ठरल्यास भूलतज्ज्ञांना आजार आणि स्टिरॉइड या दोन्हींची कल्पना आधीच द्यावी, कारण भुलेची काही नेहमीची औषधे या मुलांना चालत नाहीत.

हाड मोडल्यावर किंवा नुसते जोरात पडल्यावरही पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलाला अचानक धाप लागली, ते बरळू लागले किंवा गुंगीत गेले, तर घाबरून असे झाले असेल म्हणून थांबू नये. हाडातील चरबीचे कण रक्तावाटे फुप्फुसांत व मेंदूत गेल्याने असे होते. अशा वेळी प्राणवायूची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात रात्रीच्या रात्री न्यावे आणि दारातच आजाराचे नाव सांगावे.