औषधांमुळे होणारे गंभीर त्वचाविकार व शिक्षकांचे कर्तव्य

औषध अंगाला न मानवल्याने पुरळ उठणे ही गोष्ट शिक्षकांच्या पाहण्यात येते. असे पुरळ बहुधा औषध बंद होताच ओसरते; क्वचित मात्र ते जिवावर बेतते. १९२२ साली स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ताप, पुरळ, तोंडातील व्रण व डोळ्यांचा तीव्र दाह ही लक्षणे दोन लहान मुलांत एकत्र आढळल्याचे नमूद केले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. भाजल्याप्रमाणे कातडी सुटून येणारे त्याचे उग्र रूप डॉ. लायेल यांनी १९५६ साली ब्रिटनमध्ये वर्णिले.

फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन व सल्फा वर्गातील औषधे ही याची प्रमुख कारणे होत. औषध सुरू केल्यापासून साधारणतः चार दिवस ते चार आठवड्यांत विकार उद्भवतो. त्यामुळे औषधाशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. ताप, लाल डोळे व पुरळ पाहून घरची मंडळी गोवर समजतात आणि मोलाचे दिवस वाया जातात.

भेद असा ओळखावा : गोवरात कातडी दुखत नाही, फोडही येत नाहीत. या विकारात स्पर्श करताच कातडी दुखते, काळसर डाग व फोड येतात, ओठ व तोंड सोलवटते.

अशा वेळी शिक्षकांनी पालकांस एकच प्रश्न अवश्य विचारावा : "गेल्या महिन्याभरात कोणते नवे औषध सुरू केले आहे काय?" उत्तर होकारार्थी असल्यास पुढील मात्रा देण्यापूर्वी, त्याच दिवशी, मुलास मोठ्या रुग्णालयात पाठवावे. औषधाचे वेष्टन व डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर द्यावी. फोड फोडू नयेत. पाल्याचा रस वा मलम लावू नये. डोळ्यांवर वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी कायमची अधू होण्याचा संभव असतो.

मूल बरे होऊन परतल्यावर त्या औषधाचे नाव शाळेच्या आरोग्यपत्रकात ठळक नोंदवावे. ते औषध त्यास पुन्हा कधीही देता कामा नये.

हा विकार अत्यंत विरळ आहे, हेही पालकांस समजावून सांगावे. नुसत्या धास्तीने फेफऱ्याचे औषध बंद केल्यास झटक्यांचा धोका ओढवतो. औषधाचे भय नको; सावधानता मात्र हवी.