सीलबंद प्रोग्रॅमला प्लगिन कसे जोडावे?

जालन्याच्या बाजारातील बियाण्याची सीलबंद पिशवी फोडून आत काही मिसळले, तर तिच्यावरील लेबल खोटे ठरते. निक्सओएस ही संगणकप्रणाली हाच विचार पाळते. तिचा आधार असलेले ‘निक्स’ एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात २००३ साली सुरू केले. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला, तो ज्या घटकांतून व कृतीने बनला त्यांवरून काढलेली, ३२ अक्षर-अंकांची खूण असते. तयार प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करता येत नाही.

मग ‘गिंप’ या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅमला प्लगिन, म्हणजे जादा काम करणारा जोडभाग, कसा द्यावा? प्लगिन बांधण्याची कृती लिहा, त्याचे नाव गिंपच्या प्लगिन-यादीत घाला आणि प्रणाली पुन्हा बांधा. नव्या खुणेचा संच तयार होतो. जुना शाबूत असतो. नवा बिघडला, तर त्याकडे परतता येते.

सांगा पाहू, कृतीतील एकच आकडा बदलला, तर खूण तीच राहील का?